सही येत असताना लावलेला अंगठा

ये गं, इकडं सरक. अशी उंबऱ्यात अंग चोरून काय बसतीस, परक्याच्या घरी आल्यासारखी? आणि तो मोबाईल आधी पालथा ठेव. तुम्हा लोकांचं हे एक मला आवडत नाही — माणूस बोलायला लागलं की तुमचे डोळे आपले खाली. तू कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण माझ्या वहीचं पान वाचायला घेतलंस म्हणजे आपलीच समजते मी. मग आता नीट बस. कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमचे हे गेले, त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. जावेला नाही, लेकाला नाही. देवापुढं बसते तेव्हा मनातसुद्धा तो विषय येऊ देत नाही — देवाला ऐकू जाईल म्हणून. वेडेपणाच की नाही?

सांगते. पण एकदम नाही जमायचं. आधी आशी कोण ते सांगावं लागेल.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या शिवारात, कालव्याच्या कडेला. दोन घरं, मधे एक लिंब. एका घरात मी, दुसऱ्यात माझी धाकटी जाऊ मंगल. आशी ही मंगलची लेक. कागदावर अश्विनी. मला ती मोठी आई म्हणते, आणि सगळं गाव अक्का म्हणतं. माझं खरं नाव फार थोड्यांना माहीत आहे — हे लक्षात ठेव, पुढं लागेल.

आमच्याकडं पेरूच्या बागा. पेरू तोडून आणायचे, लहान-मोठे निवडायचे, डागाळलेले बाजूला काढायचे, क्रेट भरायचे, गाडी लावायची. त्यासाठी वस्तीवर एक पत्र्याचं शेड आहे. तिथं काम करणाऱ्या बायांचा गट मी उभा केला. मला धरून अकरा जणी. क्रेटच्या तळाला रद्दी पेपर अंथरायचा असतो, फळाला खरचटू नये म्हणून. मी शाळेत गेले ती दुसरीपर्यंत. वाचायला शिकले ती त्या रद्दीवर. एकेक अक्षर ओळखायचं, दुसऱ्याला जोडायचं, चुकलं तर आशीच्या बापाला विचारायचं. दोन वर्षांत मी पेपर घडाघडा वाचायला लागले. मग बायांना घेऊन बसले. दुपारची भाकरी झाली की पेपरच्या कोऱ्या कडेला जिनं तिनं आपलं नाव काढायचं. अकराच्या अकरा जणी सही करायला लागल्या. गटाचं खातं काढायला गेलो तेव्हा बँकेतल्या माणसानं शाईचा पॅड पुढं सरकवला. मी म्हणाले, "ठिवा त्यो आत. आमच्यात आता अंगठा कुणी लावत न्हाय." तो माणूस हसला, पण पॅड आत ठेवला. ती गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल — आणि काय ताठ्यानं सांगितली असेल.

तर आशी. बारामतीला एसटीनं जाऊन-येऊन कॉलेज केलं. धंद्याच्या कारभाराचं शिक्षण होतं ते. ते संपलं आणि दोन वर्षं घरी राहिली. पुढं शिकायचं होतं, परीक्षेचा अभ्यास करत होती, आणि तेवढ्यात शेडात यायला लागली. पहिला आठवडा नुसती घड्याळ आणि वही घेऊन बसली. कोण किती वेळा उठतं, कोणता क्रेट किती वेळ पडून राहतो, गाडी किती वेळ उभी राहते. सुलाबाई आमच्यातली फटकळ. ती म्हणाली, "अक्का, आता मिसरी बी हिच्या घड्याळानंच लावायची का आमी?" सगळ्या हसल्या. आशीपण हसली आणि वहीत लिहिलं — मिसरी, एवढी मिनिटं.

मग एक दिवस मला म्हणाली, "मोठी आई, हितं प्रत्येक बाई सगळीच कामं करते. निवडते पण, भरते पण, उचलते पण. म्हणून सगळ्या एकमेकींच्या आड येतात." तिनं काम वाटून दिलं. दोघी नुसत्या निवडणार, तिघी भरणार, दोघी फळाला फोमची जाळी चढवणार, असं. सुलाबाईला निवडण्यावरनं काढून जाळीवर टाकलं, कारण तिची नजर मंद झाली होती. सुलाबाई चिडली, चार दिवस बोलली नाही. पण दिवस मावळता निघणारी आमची गाडी दुपारी चहाच्या आत निघायला लागली. फळ दबेना, सुकेना. ड्रायव्हरनं उशीर केला तर ही पोरगी कमरेवर हात ठेवून त्याला झापायची. आणि बाजारातला व्यापारी फोन करायचा तेव्हा — आधी म्हणायचा, अक्कांना द्या. मग म्हणायला लागला, ताईंना द्या.

हे वाक्य मी उगाच लिहिलं नाही. ते तिथं राहू दे.

दोन वर्षांनी तिला पुण्याला विद्यापीठात जागा मिळाली. व्यवस्थापनशास्त्र. मंगल म्हणाली, म्हंजी काय शिकतीस गं? आशी सुट्टीत आली होती. तिनं पोतं अंथरलं, त्यावर पेरू मांडले. मोठे, मधले, बारके. दोन खडे ठेवले, त्या गाड्या. म्हणाली, बाजार दोन, फळ तीन तऱ्हेचं, वेळ एवढाच. कुठला माल कुठल्या गाडीत घातला की सगळ्यात कमी वाया जाईल? आम्ही अंदाजानं ठरवतो. ती म्हणाली, ह्याचं गणित मांडता येतं. दवाखान्यात नर्सांच्या पाळ्या कशा लावायच्या, विमानं कशी सोडायची, गोदामात माल कुठं ठेवायचा, रांग का तुंबते — सगळ्याचं. तिच्या वरच्या वर्गातली एक मुलगी विमान कंपनीत लागली, एक जण चाकणच्या गोदामात, एक बँकेत. "म्हंजी तुमी सगळी जगाचं शेड चालवणार," मी म्हणाले. ती इतकी हसली. हॉस्टेलवर जाऊन सगळ्यांना सांगितलं म्हणे, माझी मोठी आई असं म्हणाली.

शेवटच्या वर्षी कंपन्या विद्यापीठातच येतात, मुलं निवडतात. फळं-भाजी गोळा करून शहरात पोचवणारी एक मोठी कंपनी होती. तिथं आशीची निवड झाली. वर्गात तिच्यापेक्षा हुशार होते, तीच सांगायची. पण मुलाखत घेणाऱ्यांना तिचं शेड आवडलं होतं. पुस्तकातलं सगळेच सांगतात, हिनं हातानं केलंय — असं ते म्हणाले. फॉर्मवर तिनं ती दोन वर्षं अनुभव म्हणून लिहिली होती. खोटं एक अक्षर नव्हतं. तिथला नियम असा, की एका कंपनीनं घेतलं की बाकीच्या कंपन्यांपुढं बसायचं नाही, दुसऱ्या मुलांना संधी द्यायची. आशी बसली नाही. तिचं ठरलं होतं.

आता इथं माझं पाऊल अडतं. पाणी पिऊन येते.

आमच्याकडं सोयरिकीची एक पद्धत आहे, तुमच्याकडंही असेल. मुलीचं स्थळ बघताना मुलाकडचे आधी गुपचूप एखादा माणूस धाडतात. तो मुलीच्या घरी जात नाही. शेजारी जातो. पाणी मागतो, इकडचं तिकडचं बोलतो, मग हळूच विचारतो — ती पोरगी कशी आहे? शेजारणीनं काय सांगायचं हे ठरलेलं असतं. पोरगी गरीब आहे, घराबाहेर पडत नाही, मोठ्यानं बोललेली कुणी ऐकली नाही, कुठं कामाला जात नाही. खरं असो नसो, हेच सांगायचं. आसपासच्या वस्त्यांवरच्या आठ मुलींची अशी चौकशी माझ्या ओट्यावर झाली आणि आठही मुली नांदतात. ह्या कामात माझा हातखंडा. अक्का बोलली म्हणजे बोलली.

नोकरीसाठी निवड झाली त्याच आठवड्यात आशीला वालचंदनगरहून एक स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत कामाला, राहायला क्वार्टर. आशीनं फोनवर नाही म्हणून सांगितलं होतं, पण मंगल म्हणाली, बघून ठेवायला काय जातंय. मला म्हणाली, "अक्का, कोन तरी यील इचारायला. तुमीच बोला. आमाला निरवांगीला लग्नाला जायाचंय."

ती सगळी निरवांगीला गेली. घराला कुलूप. आणि दुपारी एक माणूस मोटरसायकलवरून आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टी अडकवलेलं ओळखपत्र, ते खिशात खुपसलेलं. मंगलच्या दाराचं कुलूप बघितलं आणि माझ्या ओट्याकडं वळला. पाणी मागितलं. मग विचारलं, अश्विनी इथंच राहते का? स्वभाव कसा? कुठं कामाला होती का?

बघ, प्रश्न तेच होते. शब्दाला शब्द तेच. मी ओळखलं — आला हा वालचंदनगरचा. आणि मी सुरू झाले. पोरगी गायीसारखी आहे. मान वर करून बघत नाही. कामाला? छे, आमची पोरगी कशाला कुठं जाईल कामाला?

तो म्हणाला, "पण पेरूच्या शेडचं काम दोन वर्षं बघितलं, असं कळलंय."

मी म्हणाले, "शेडात बायाबापड्या जात्यात. ती न्हाय. शेड मी चालवते."

झालं. हेच माझ्याकडून झालं. तो माणूस आशीला निवडणाऱ्या कंपनीनं धाडलेला होता, दिलेली माहिती खरी का खोटी बघायला. न कळवता यायचं अशीच त्यांची रीत असते. आणि मी त्याला सोयरिकीतला समजून आशीची दोन वर्षं पुसून टाकली. अडाणी म्हातारीची चूक. हो की नाही?

इतकी वर्षं मी मला स्वतःला हीच गोष्ट सांगत आले. इथवरच सांगायची आणि थांबायचं. तूपण ऐकून म्हणाली असतीस, जाऊ द्या अक्का, तुम्हाला काय ठाऊक. म्हणाली असतीस ना?

नको म्हणूस. पुढचं ऐक.

त्या माणसानं पिशवीतून एक कागद काढला. खाली काही लिहिलं, खुणा केल्या, आणि माझ्यापुढं धरला. म्हणाला, "आजी, वाचून दाखवू का? का अंगठा घेऊ?"

मी म्हणाले, "काय गरज न्हाय. मला वाचता येतं."

आणि मी वाचला. वर इंग्रजी होतं, खाली मराठी. नोकरीपूर्व पडताळणी, असं ठळक अक्षरात. उमेदवाराचं नाव. मग अनुभव, पेरू प्रतवारी शेडचे व्यवस्थापन, दोन वर्षे. त्याच्यापुढं दोन चौकोन. एकात आहे, एकात नाही. त्यानं नाहीवर खूण केली होती. आणि सगळ्यात खाली — वरील माहिती मी दिली असून ती खरी आहे.

मी ते दोनदा वाचलं. सावकाश. तो समजला, म्हातारी अक्षरं जुळवतीय. मी अक्षरं जुळवत नव्हते गं. मला पहिल्या वाचण्यातच कळलं होतं की हा सोयरिकीचा माणूस नाही. मला कळलं होतं की मी काय बोलून बसलेय. त्याच्या हातात पेन होतं, माझ्या तोंडात जीभ होती. एवढंच म्हणायचं होतं — थांबा, माझा घोळ झाला, मी तुम्हाला दुसरं कुणी समजले. तो हसला असता. खूण खोडून दुसरी केली असती. किती वेळ लागला असता? आशीच्या घड्याळानं मोजलं तर मिसरी लावायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो.

मी सही केली. पूर्ण नावाची. वळणदार.

का केली?

ह्या का-पाशी मी किती फेऱ्या मारल्या आहेत. आधी म्हणायचे, लाज वाटली. आत्ताच खोटं बोलले हे त्या परक्या माणसापुढं कबूल कसं करायचं, आठ मुलींची लग्नं माझ्या शब्दावर झालेली. मग म्हणायचे, पोरगी लांब जाईल म्हणून जीव कळवळला. ते दोन्ही थोडं थोडं असेलही. पण खरं ते नाही. खरं त्या वाक्यात आहे. शेड मी चालवते. सोयरिकीच्या माणसाला हे सांगायची काही गरज होती का? पोरगी कामाला जात नाही, एवढं पुरे होतं. ते वाक्य आशीसाठी नव्हतंच. ते माझ्यासाठी होतं. व्यापारी म्हणायचा ना, ताईंना द्या — त्याचं उत्तर होतं ते. दोन वर्षं पोटात ठेवलेलं. आणि ते कागदावर छापील अक्षरांच्या खाली पक्कं होताना दिसलं, तेव्हा, कसं सांगू — मला बरं वाटलं. क्षणभर. पण वाटलं.

तिचं मी काय वाईट चिंतलं होतं? काही नाही. मला फक्त माझं शेड परत हवं होतं. त्या पोरीनं ते नेलेलंही नव्हतं.

पंधरा दिवसांनी आशीला ईमेल आला. ती घरीच होती, सामान न्यायला आली होती. लिंबाखाली बसून वाचला, मग पुन्हा वाचला. आपण दिलेल्या अनुभवाची माहिती खरी आढळली नाही, म्हणून निवड रद्द. विद्यापीठातल्या नोकऱ्यांच्या कचेरीलाही त्यांनी कळवलं. खोटी माहिती देणाऱ्याला पुढच्या कुठल्याही कंपनीपुढं बसवायचं नाही, हाही तिथला नियम. ती रडली नाही. म्हणाली, "म्हणजे कुणीतरी इथं येऊन गेलं. कुणालातरी विचारलं."

मंगलनं त्याच घटकेला ठरवलं. सुलाबाई. आणखी कोण असणार? जाळीवर बसवल्याचा राग. मंगल तिच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलली. सुलाबाई एकच म्हणत होती, "माझ्याकडं कोन बी आलं न्हाय. माझ्या लेकराची शपथ." बायांनी तिच्याशी बोलणं सोडलं. मंगल मला म्हणाली, अक्का, गट तुमचा, तुमीच काय ते बघा. मी काय केलं असेल? मी सुलाबाईला सांगितलं, थोडे दिवस शेडात येऊ नको. थोडे दिवस म्हणाले. ती परत कधी आली नाही.

त्या दिवशी जायच्या आधी पदर खोचत मला म्हणाली, "अक्का, निरवांगीच्या लग्नाच्या दिशी तुमच्या दारात मोटरसायकल हुबी व्हती म्हनं." मी म्हणाले, असंल कुणाची. ती माझ्याकडं बघत राहिली आणि गेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तिच्यावर कोण विश्वास ठेवणार होतं म्हणा. माझ्यावर ठेवतात.

अजून आहे. ज्यासाठी बसले ते अजून लिहिलंच नाही.

आशीनं कंपनीला पत्र लिहिलं. व्यापाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, आमचा कागदोपत्री व्यवहार अक्कांच्या नावानं, आम्ही काय लिहून देणार. कंपनीवाले म्हणाले, शेड चालवणाऱ्या गटाचं पत्र असेल तर पाठवा, बघू. एक दिवसाची मुदत. आशी धावत माझ्याकडं आली. पत्र तिनंच टाईप करून आणलं होतं. अश्विनीनं आमच्या शेडचा कारभार दोन वर्षं बघितला, हे खरं आहे. खाली माझ्या नावाची आणि सहीची जागा.

मी ते वाचलं. त्या लोकांकडं एका कागदावर ही सही होतीच. हे माझं खरं नाव होतंच. दुसऱ्या कागदावर तीच सही, तेच नाव बघितलं की ते म्हणणार — ही तीच बाई, आधी नाही म्हणाली, आता हो म्हणते. आशीला विचारणार, ही कोण? आणि आशीला कळणार.

आता तू म्हणशील, तसं झालं असतं तर तिचं कामही झालं असतं. बाई चुकली हे त्यांना कळलं असतं. हो. झालं असतं. मलाही तेव्हा ते कळत होतं.

मी म्हणाले, "पोरी, माझ्या एकटीच्या कागदाला काय वजन? सगळ्या बायांचा घेऊ." ती खूश झाली. शेडात सगळ्यांना गोळा केलं. सुलाबाई सोडून दहा जणी, मला धरून. आशीनं पेन पुढं केलं. मी गटाच्या पेटीतनं शाईचा पॅड काढला.

"मोठी आई, सह्या हव्यात गं."

मी म्हणाले, "हात थरथरतोय माझा, सही न्हाय व्हायची." आणि कागदाच्या कोपऱ्यात अंगठा टेकवला. नाव लिहू दिलं नाही, म्हणाले बाया नावाला भितात. मागं उभी असलेली एकजण म्हणाली, "अक्का, आमी करू का सही? आमचा न्हाय थरथरत." मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "कशाला? समद्यांचं एकसारखं दिसू दे." कारण माझा एकटीचा अंगठा डोळ्यावर आला असता. अक्का म्हणते म्हटल्यावर त्यांनी एकेक करून अंगठे लावले. ज्यांची बोटं धरून मी पेपरच्या कडेला नावं काढून घेतली होती, त्या. एकीनं शाई पदराला पुसली आणि म्हणाली, "कसं लगीच आधीवानी वाटलं."

आणि आशीनं माझा हात हातात घेतला. तेल आणलं, चोळलं. किती दिवस थरथरतोय, डॉक्टरला दाखवू का, विचारत होती. माझा हात दगडासारखा स्थिर होता गं. तिला थरथर जाणवली असेल तर ती कशाची, मला माहीत नाही.

मुदत त्याच दिवशी संपत होती, आशीनं पत्र तसंच धाडलं. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं. असं निनावी पत्र ग्राह्य धरता येत नाही. आशी मंगलला सांगत होती, मी भिंतीअलीकडून ऐकलं. "त्यांना वाटलं असणार, मी अडाणी बायांना धरून अंगठे घेतले." मग म्हणाली, "मीपण तिथं असते तर मलाही असंच वाटलं असतं."

त्यानंतर तिनं दोन-चार ठिकाणी प्रयत्न केले. फॉर्मवर विचारतात, आधी कुठं निवड रद्द झाली होती का. ती खरं लिहायची. का रद्द झाली तेही लिहायची. पुढून फोन यायचा बंद व्हायचा. मी एकदा म्हणाले, नाही म्हणून लिही की, कोण बघतंय. तिनं माझ्याकडं असं बघितलं — रागानं नाही. दमल्यासारखं.

आता ती साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात हंगामी कॉम्प्युटरला आहे. कुणाचा ऊस कधी लावला, तोड कधी, ते भरायचं. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते, ड्रायव्हर उन्हात ताटकळतात. एकदा मी विचारलं, तू ते रांगेचं शिकली होतीस ना, सांग की साहेबाला. म्हणाली, सांगितलं होतं पहिल्या वर्षी. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही एंट्री मारा. हंगाम संपला की ती घरी. तिशी जवळ आली. त्या वालचंदनगरच्या स्थळाकडून चौकशीला माणूस कधी आलाच नाही, त्यांचं दुसरीकडं ठरलं होतं. ती विमानवाली मैत्रीण आधी फोन करायची. आता सणाला मेसेज येतो.

शेडात तिनं परत पाय ठेवला नाही. मी चालवायला घेतलं, जसं आधी चालत होतं तसं. गाडी दिवस मावळायला लागली की निघायची. व्यापाऱ्यानं फळाच्या दोन तोडण्या कशाबशा काढल्या, मग म्हणाला, फळ दबतंय अक्का, आणि दुसरी वस्ती बघितली. बाया एकेक करून बारामतीकडं भाजीच्या कामाला जायला लागल्या. आता शेडात ठिबकच्या जुन्या नळ्या आहेत आणि उंदीर आहेत. किल्ली माझ्याकडं. शेड मी चालवते.

सुलाबाई बाजारात भेटते. "अक्का, बऱ्या हायसा का?" एवढंच विचारते. मी म्हणते, हाय बाई. तिच्या डोळ्यांत राग असता तर सोसला असता.

आशीला सांगावं असं कितीदा वाटलं. पण सांगून काय होणार? गेलेली वर्षं कुठल्या कंपनीतून परत आणणार? आणि तिचं एकच माणूस उरलंय ज्याच्यापाशी येऊन ती गप्प बसते. ती मी. ऑफिसातून आली की माझ्या ओट्यावर बसते, माझा तो हात मांडीवर घेते, अजून विचारते, थरथर कमी आहे का गं? मी म्हणते, हाय आपली.

ती वाचते सगळं. माझ्या वह्यासुद्धा उघडते, चुकलेली वेलांटी दुरुस्त करते. म्हणजे हे पान तिच्या हाती लागायचंच, आज ना उद्या. त्यासाठीच लिहिलं का मी? तेही मला सांगता येत नाही. माफ कर असं मी कुठं लिहिलेलं नाही, बघ वाटल्यास. तुलाही काही मागत नाही. चूक झाली, असं म्हणायची मला चोरी आहे. मी वाचून, समजून सही केली आणि समजूनच अंगठा लावला. ह्या पानाखाली सही केलीय. पूर्ण नावाची. हात थरथरला नाही.

ऊठ आता, तुझाही खोळंबा झाला असेल. पण ये एकदा अशीच, फार दिवस लावू नकोस. फाट्यावर उतरलीस की अक्काची वस्ती म्हण, कुणीही दाखवेल. पेरू नाहीत आता द्यायला. चहा होईल. हंगाम संपलाय, आशी घरीच असते, तीच करेल.